लाइम आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह: अमेरिकेहून आलेल्या नातीच्या सुजलेल्या गुडघ्याबद्दल

दांडिया बाजारातल्या एका आजोबांचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी-जावई न्यू जर्सीत असतात. साडेपाच वर्षांची नात शाळेला सुटी लागल्यावर जूनअखेर बडोद्याला आली. तिचा उजवा गुडघा सुजलेला आहे आणि आईच्या आठवणीप्रमाणे ही सूज मेच्या मध्यापासून आहे. ताप नाही. सकाळी उठल्यावर लंगडते, अकराच्या सुमारास मात्र अंगणात पळायला लागते. गेल्या सप्टेंबरात तिच्या मानेवर गोचीड सापडली होती, ती तिथेच काढून टाकली, पुढे काही झालं नाही. इथे आल्यावर एका लॅबमध्ये सांधेदुखीचं पॅकेज करून घेतलं. त्यात लाइमची, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या जंतूच्या आजाराची, तपासणीही होती. तीत आयजीएम पॉझिटिव्ह आणि आयजीजी निगेटिव्ह निघालं (हे रक्तातल्या प्रतिद्रव्यांचे दोन प्रकार). एका डॉक्टरांनी तीन महिने अँटिबायोटिक द्या म्हणून सांगितलं. दुसरे म्हणाले, भारतात लाइम नसतोच, रिपोर्ट फाडून टाका. आता ऐकायचं कोणाचं?

काका, आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. दोन महिने सुजलेला गुडघा आणि आयजीजी निगेटिव्ह, हे दोन्ही खरं असेल तर नातीचा गुडघा लाइममुळे सुजलेला नाही असंच मी धरून चालेन. तीन महिन्यांचं अँटिबायोटिक सुरू केलं नसेल तर करू नका. पण रिपोर्ट फाडून मोकळेही होऊ नका. लाइम नसला तरी गुडघा सुजलेलाच आहे, आणि साडेपाच वर्षांच्या मुलीचा गुडघा दोन महिने उगाच सुजत नाही. लाइमचा शिक्का बसला की खऱ्या कारणाचा शोध थांबतो, मला काळजी त्याची जास्त वाटते. या आठवड्यात काय करून घ्यायचं ते खाली लिहिलं आहे. घाई असेल तर मधलं सोडून थेट तिकडे जा.

मी बडोद्यात मुलांचा डॉक्टर आहे. त्याआधी काही वर्षं अमेरिकेच्या ईशान्य भागात, जिथे हा आजार घरोघरी माहीत आहे, तिथल्या बालरोग विभागात काम केलं. त्यामुळे जून-जुलैत आणि नाताळच्या सुटीत परदेशातून आलेली नातवंडं घेऊन आजी-आजोबा येतात तेव्हा हा प्रश्न अधूनमधून निघतोच. बडोद्यात न्यू जर्सीला कोणी नाही असं घर शोधावं लागेल.

या आजाराची ओळख मुलांच्या गुडघ्यांवरूनच झाली. १९७० च्या दशकाच्या मध्याला कनेक्टिकट राज्यातल्या लाइम आणि शेजारच्या ओल्ड लाइम या छोट्या गावांत मुलांचे सांधे सुजू लागले. डॉक्टर म्हणत, हा लहान मुलांचा संधिवात. पॉली मरे नावाच्या एका आईला ते पटेना. एवढ्याशा वस्तीत इतक्या मुलांना एकाच वेळी संधिवात कसा होईल? तिने आरोग्य खात्याच्या मागे तगादा लावला, येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन स्टीअर यांनी तपास केला आणि १९७७ मध्ये हा वेगळा आजार म्हणून प्रसिद्ध झाला. जंतू सापडायला आणखी काही वर्षं गेली. विली बर्गडॉर्फर यांना तो गोचिडीच्या आतड्यात दिसला, म्हणून त्याचं नाव बोरेलिया बर्गडॉर्फेराय. तेव्हा लाइमच्या मुलांना संधिवाताची मुलं समजत होते. आता इथे पॅकेजच्या रिपोर्टांमुळे नेमकं उलटं होतं आहे.

मुद्दा असा की ही तपासणी जंतू शोधत नाही. जंतूशी लढताना शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडी, ती मोजते. त्यामुळे रिपोर्ट वाचताना पहिला प्रश्न 'किती दिवस झाले?' हाच. संसर्ग झाल्यावर आयजीएम साधारण एक-दोन आठवड्यांनी दिसू लागतं, आयजीजीला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून गोचीड काढली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रक्त तपासण्यात काही अर्थ नाही. तेव्हा निगेटिव्ह आलं तर काही कळत नाही, आणि पॉझिटिव्ह आलं तर ते या चाव्याचं नसतं.

लाइमचा गोल चट्टा असतो त्या काळातही हेच. चावा झाल्यापासून तीन ते तीस दिवसांत, बहुधा आठवड्याभराने, चाव्याच्या जागेभोवती लाल चट्टा उठतो आणि रोज थोडा पसरत जातो. पाच सेंटिमीटरहून मोठा होतो. कधी मधे फिका पडून कड्यासारखा दिसतो, पण बऱ्याचदा नुसताच लाल असतो. फारसा दुखत नाही, खाजत नाही. मुलांमध्ये तो केसांच्या कडेला, कानामागे, काखेत, जांघेत असतो, म्हणून आंघोळ घालणाऱ्यालाच आधी दिसतो. लाइमच्या प्रदेशात राहणाऱ्या मुलाच्या अंगावर असा चट्टा दिसला तर तिथले डॉक्टर रक्त न तपासता औषध सुरू करतात आणि ते बरोबर आहे. त्या आठवड्यात अर्ध्याहून जास्त जणांची अँटिबॉडी तपासणी निगेटिव्ह येते. अशा रिपोर्टवर विसंबून औषध थांबवणं म्हणजे हातात आलेला आजार सोडून देणं.

सांध्याचं चित्र बरोबर याच्या उलट. लाइमचा जंतू गुडघ्यात सूज आणतो तो संसर्गानंतर आठवड्यांनी, बहुतेक वेळा काही महिन्यांनी. तोपर्यंत शरीराने आयजीजी भरपूर तयार केलेलं असतं. लाइमने गुडघा सुजलेल्या मुलाचं आयजीजी नुसतं पॉझिटिव्ह नसतं, चांगलं ठसठशीत असतं. म्हणून गुडघ्याच्या बाबतीत आयजीएमकडे बघायचंच नाही असा नियम आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे निकष १९९५ पासून हेच सांगतात: लक्षणं सुरू होऊन एक महिना उलटला असेल तर एकट्या आयजीएमवरून निदान करू नये. तुमच्या नातीच्या गुडघ्याला दोन महिने झालेत. गोचीड चावली त्याला दहा महिने होत आले. दहा महिन्यांत आयजीएमचं आयजीजी व्हायला हवं होतं. झालं नाही, याचा अर्थ ते आयजीएम बहुधा लाइमचं नव्हतंच.

मग पॉझिटिव्ह आलं कसं? इथे तपासणी कशी होते ते थोडं जवळून बघू, कारण रिपोर्टच्या कागदावर ते कुठेच लिहिलेलं नसतं.

नेहमीची पद्धत दोन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी एलायझा, म्हणजे रक्तातली अँटिबॉडी मोजणारी तपासणी. ती स्वस्त आणि पटकन होणारी आहे, आणि मुद्दामच थोडी संशयी ठेवलेली असते, म्हणजे खरा आजारी सुटू नये. साहजिकच ती काही निरोगी लोकांनाही पकडते. ती निगेटिव्ह आली की विषय संपला. पॉझिटिव्ह किंवा काठावरची आली तर त्याच रक्तावर दुसरी पायरी, वेस्टर्न ब्लॉट. यात काही मिलिमीटर रुंदीच्या एका पट्टीवर जंतूची प्रथिनं वजनाप्रमाणे वर-खाली मांडलेली असतात. पट्टी रुग्णाच्या सीरममध्ये भिजवतात. ज्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी असेल तिथे आडवी रेघ उमटते. बाजूला नियंत्रणाची पट्टी ठेवायची आणि तिच्यावरच्या ठरलेल्या रेघेपेक्षा गडद असेल तीच रेघ धरायची. आयजीजीसाठी दहा ठरलेल्या रेघांपैकी किमान पाच हव्यात. आयजीएमसाठी तीनपैकी दोनच पुरतात: २३, ३९ आणि ४१ किलोडाल्टन (हे त्या प्रथिनांचं वजन).

गोम या दोनात आहे. ४१ ची रेघ जंतूच्या शेपटीसारख्या अवयवातल्या प्रथिनाची असते. तसलंच प्रथिन इतर कितीतरी जंतूंकडे असतं, आपल्या तोंडात राहणाऱ्या निरुपद्रवी जंतूंकडेसुद्धा. त्यामुळे ४१ ची रेघ निरोगी माणसांतही सर्रास दिसते. म्हणजे एक रेघ जवळजवळ फुकट मिळाली. आता २३ च्या जागी पुसटशी सावली दिसली आणि वाचणाऱ्याने 'असू दे, आहे' म्हटलं, की मूल आयजीएम पॉझिटिव्ह! मी अशा पट्ट्या स्वतः हातात घेऊन पाहिल्या आहेत. खिडकीच्या उजेडात रेघ दिसते आणि ट्यूबलाइटखाली दिसत नाही, असं होतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी स्कॅनर रेघेची गडदता मोजतो, म्हणून हा घोळ कमी झाला आहे. २०१९ पासून अमेरिकेत ब्लॉटऐवजी दुसऱ्या पायरीला वेगळ्या प्रकारची एलायझाच वापरायलाही मान्यता आहे. त्या पद्धतीत रेघा मोजाव्या लागत नाहीत आणि सुरुवातीच्या आठवड्यांतला आजारही थोडा जास्त सापडतो.

दुसरे आजारही आयजीएमला फसवतात. ग्रंथी सुजवणारा एपस्टाइन-बार विषाणू, लेप्टोस्पायरोसिस, ल्युपससारखे स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार ही नेहमीची नावं. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगा: गेल्या काही महिन्यांत कावासाकी आजारासाठी किंवा दुसऱ्या कशासाठी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी, शिरेतून दिलं होतं का? तसं असेल तर रक्तात सापडलेली अँटिबॉडी देणाऱ्यांची असू शकते, मुलाची नव्हे. तान्ह्या बाळात सापडलेलं आयजीजीही आईचंच असू शकतं.

तुमच्या रिपोर्टवर मात्र दुसरी पायरी दिसत नाही. पॅकेजमध्ये नुसती एलायझा असते, आयजीएम आणि आयजीजी वेगवेगळं. हे अर्धं उत्तर आहे. लॅबचं चुकलं असं मी म्हणत नाही, मागितलं ते त्यांनी दिलं. पण लाइमची तपासणी सांधेदुखीच्या पॅकेजात असावी का, हा प्रश्न मला आहे. यादी लांबली की पॅकेज भरगच्च वाटतं, पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात, आणि मग असा एखादा आकडा घरादाराची झोप उडवतो.

थोडं गणित करू. गणितापुरतं धरा की ही एलायझा शंभर निरोगी मुलांपैकी पाचांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. आता कधीच परदेशी न गेलेली, गुडघे दुखणारी बडोद्यातली हजार मुलं तपासली. सुमारे पन्नास पॉझिटिव्ह येतील आणि बहुधा पन्नासच्या पन्नास खोटी. आता हीच तपासणी कनेक्टिकटमध्ये ऐन उन्हाळ्यानंतर गुडघा टम्म सुजलेल्या तीनशे मुलांवर करा, आणि धरा की त्यातल्या शंभरांना खरोखर लाइम आहे. ती शंभर जवळजवळ सगळी पॉझिटिव्ह येतील, उरलेल्या दोनशेंपैकी दहा चुकून येतील. म्हणजे तिथल्या एकशे दहा पॉझिटिव्हांपैकी शंभर खरे. किट तेच आणि आकडा तोच, तरी बडोद्यात आणि तिथे त्याचा अर्थ पार वेगळा. म्हणून चांगला डॉक्टर आधी विचारतो: कुठे राहता, कधी गेला होता, गवतात-झाडीत किती खेळता, गोचीड कुठली होती?

हे विचारल्यावर तुमच्या नातीचं उत्तर 'न्यू जर्सी' येतं आणि ते लाइमचंच राज्य आहे. म्हणून तिच्या बाबतीत तपासणी करण्यात चूक काहीच नव्हती. दुसऱ्या डॉक्टरांचं 'भारतात लाइम नसतो' हे इथे लागूच पडत नाही, कारण मूल राहतं तिथे. (भारतातही हिमालयाच्या पट्ट्यातून, ईशान्येकडून, दक्षिणेतल्या जंगलांतून तुरळक नोंदी आहेत. पण तो वेगळा विषय.) तिच्याबाबतीत लाइमची शंका रास्त होती, आणि आयजीजी निगेटिव्ह येऊन ती फिटली. तरी खात्री हवी असेल तर एकच करा: तीन-चार आठवड्यांनी, किंवा न्यू जर्सीला परतल्यावर, तिथल्या लॅबमध्ये दोन पायऱ्यांची पूर्ण तपासणी एकदा करून घ्या आणि इथला रिपोर्ट त्यांना दाखवा. तिथल्या प्रयोगशाळा हे काम रोज करतात. त्यातही आयजीजी निगेटिव्ह आलं की लाइमचं पान मिटायचं.

दोन-तीन जणांनी स्वतंत्रपणे विचारलं होतं, म्हणून इथेच सांगतो. सोसायटीतल्या कुत्र्याच्या अंगावरची गोचीड, जिला इथे गुजरातीत ईतरडी म्हणतात, ती लाइम पसरवत नाही. लाइमची गोचीड वेगळ्या जातीची, काळ्या पायांची. ती अमेरिकेच्या ईशान्य आणि उत्तर-मध्य भागात जास्त सापडते. तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, म्हणून ती चावल्याचं अर्ध्या लोकांना कळतही नाही. बडोद्यात, पावागडच्या पायथ्याला किंवा कुठल्याही शेतात मुलाला गोचीड किंवा पिसवेसारखं काही चावलं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला, तर लाइमची तपासणी मागू नका. आपल्याकडे त्या वेळी मनात यायला हवेत ते स्क्रब टायफस आणि गोचिडीचा टायफस. पहिला माइट नावाच्या बारीक किड्याच्या अळीमुळे होतो आणि पावसाळ्यात, पावसाळ्यानंतर वाढतो. दोन्हींत ताप, डोकेदुखी, कधी पुरळ. चावलेल्या जागी सिगारेटने भाजल्यासारखा काळा खपला दिसला तर जवळपास निदानच झालं. तो जांघेत, काखेत, पोटाच्या घडीत लपलेला असतो, म्हणून मुलाचे सगळे कपडे काढून बघा. आणि हो, गुजरातेत २०११ मध्ये क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाचे रुग्ण आढळले होते, तो जनावरांच्या अंगावरच्या गोचिडींमुळे पसरतो. गुरांच्या गोठ्यात वावर असेल आणि तापाबरोबर कुठून रक्त जात असेल तर लगेच मोठ्या हॉस्पिटलमध्ये. टायफसची शंका दाट असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन सुरू करतात. ते योग्यच आहे, लहान मुलातही. 'आठ वर्षांखाली डॉक्सी नको, दात पिवळे होतात' हा धाक जुन्या टेट्रासायक्लिनमुळे बसला होता. थोड्या दिवसांसाठी दिलेल्या डॉक्सीला आता तो लावत नाहीत. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने तर कुठल्याही वयात २१ दिवसांपर्यंत ती चालते असं म्हटलं आहे.

लाइमच्या प्रदेशातून आलेल्या मुलात तपासणी कधी करावी? एक, गुडघा किंवा दुसरा मोठा सांधा सुजला तर. दोन, चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली तर, विशेषतः उन्हाळ्यात, आणि दोन्ही बाजू पडल्या तर नक्कीच. तीन, डोकेदुखी, मान आखडणं, उलट्या असा मेंदुज्वरासारखा त्रास. चार, मूल चक्कर येऊन पडलं आणि ईसीजीत हृदयाचे संदेश अडकताना दिसले. चेहरा लुळा पडतो तो काही आठवड्यांतच, म्हणजे अँटिबॉडी पूर्ण तयार होण्याआधीही पडू शकतो. तिथे पहिली तपासणी निगेटिव्ह आली तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करायची. गुडघ्याला ही सवलत नाही.

थकवा, अभ्यासात लक्ष नाही, पाय दुखतात, चिडचिड वाढली, एवढ्यावर तपासू नये. असल्या तक्रारी शाळेत जाणाऱ्या कुठल्याही मुलाच्या घरी ऐकू येतात, आणि वरच्या गणिताने खोटा पॉझिटिव्हच हाती लागतो. लाइमसाठी लघवीची तपासणी, पांढऱ्या पेशींच्या खास चाचण्या असं काहीबाही इंटरनेटवर विकलं जातं. त्यावर पैसे घालवू नका.

आता तीन महिन्यांच्या अँटिबायोटिकचं. खरोखर लाइमने गुडघा सुजला असता तरी उपचार तोंडाने घ्यायच्या औषधांचा, २८ दिवसांचा. साध्या चट्ट्याला तर दहा ते चौदा दिवस पुरतात. मुलांना वजनाप्रमाणे अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन किंवा सेफ्युरॉक्झिम देतात. थोड्या मुलांचा गुडघा पहिल्या कोर्सनंतरही पूर्ण उतरत नाही, तेव्हा पुढचं तज्ज्ञ ठरवतात, पण महिनोन्‌महिने अँटिबायोटिक हा मार्ग नाही. जुलाब, पोटातले जंतू बिघडणं, अ‍ॅलर्जी हे सगळं वर, आणि फायदा दिसलेला नाही. उपचार झालेल्या मुलाचं आयजीजी पुढे कित्येक वर्षं पॉझिटिव्ह राहू शकतं, कधी आयजीएमसुद्धा. म्हणून 'बरा झाला का' हे बघायला पुन्हा रक्त तपासायचं नसतं. गुडघा बघायचा. मूल पळतंय, गुडघा पूर्ण वाकतोय आणि सरळ होतोय, म्हणजे बरं. अमेरिकेत पूर्वी लाइम होऊन गेलेलं एखादं मूल इथे आल्यावर वेगळ्याच कारणाने गुडघा धरून बसलं, तर त्याचा जुना पॉझिटिव्ह पुन्हा उकरून काढू नका.

आता तुमच्या नातीचा गुडघा. प्रत्यक्ष न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींकडे माझं लक्ष गेलं: सकाळी लंगडणं, आणि दिवस चढल्यावर मोकळं होणं. त्यात भर म्हणजे वय आणि मुलगी असणं. एक सांधा सहा आठवड्यांहून जास्त सुजलेला, ताप नाही, हे मुलांच्या संधिवाताच्या एका नेहमीच्या प्रकाराशी जुळतं. तो भयंकर नाही, चांगले उपचार आहेत, पण त्याची एक खोड जीवघेणी नसली तरी डोळेघेणी आहे. या मुलांच्या डोळ्यांत आतून सूज येते आणि डोळा ना लाल होतो ना दुखतो. मूल तक्रार करत नाही. कळतं तेव्हा नजर गेलेली असू शकते. म्हणून गुडघ्याचं काय निघायचं ते निघू दे, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, तपासणी याच आठवड्यात करून घ्या. चष्म्याचा नंबर काढतात ती तपासणी वेगळी, तेवढ्यावर भागत नाही. रक्तात एएनए ही तपासणी (शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटिबॉडी करतंय का ते बघणारी) पॉझिटिव्ह आली तर डोळ्यांचा धोका जास्त धरतात आणि दर तीन महिन्यांनी डोळे बघतात.

मात्र संधिवात म्हणण्याआधी इतर चार गोष्टी हातावेगळ्या करायच्या असतात. क्षयरोग: आपल्याकडे एकच सांधा रेंगाळत सुजला की तो विसरून चालत नाही, घरात कोणाला खोकला किंवा टीबीचे उपचार चालू होते का ते आठवा. त्वचेवरची माँटू तपासणी, एक्स-रे आणि गरज पडल्यास गुडघ्यातलं पाणी काढून तपासणं, हे त्यासाठी. पूवाचा संसर्ग: त्यात ताप असतो, मूल पाय टेकवूच देत नाही, तुमच्या नातीचं चित्र तसं नाही. रक्ताचा कर्करोग: तो क्वचित असतो, पण सांधेदुखीचा वेष घेऊन येतो. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, फिकटपणा, अंगावर निळे डाग, उतरणारं वजन यांकडे लक्ष ठेवा आणि संपूर्ण रक्तगणनेबरोबर पेशींचा काचेवरचा स्मिअर अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून बघून घ्या. चौथी, आदल्या महिन्यातला घशाचा किंवा जुलाबांचा आजार, ज्यानंतर सांधे सुजतात. चिकनगुनियाही बडोद्यात असतो, पण नात इथे आली तीच सूज घेऊन, तेव्हा तो बाजूला.

एक कळकळीची सूचना. कोणी 'सूज उतरवायला' स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा सिरप लिहून दिलं तर स्मिअर पाहून होईपर्यंत देऊ नका. रक्ताचा कर्करोग असेल तर स्टेरॉइडने तो काही काळ दबतो आणि निदान अवघड होऊन बसतं. टीबी असेल तर भडकतो. दुखण्यासाठी साधं आयबुप्रोफेन, जेवणानंतर, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून.

हे सगळं एकाच आवारात व्हावं असं वाटत असेल तर आपल्या एसएसजीमध्ये, म्हणजे बडोद्याच्या सर सयाजीराव जनरल हॉस्पिटलमध्ये, बालरोग, अस्थिरोग आणि नेत्र हे तिन्ही विभाग आहेत. खाजगीत जाणार असाल तर आधी मुलांच्या डॉक्टरांकडे जा, हाडांच्या डॉक्टरांकडे मागाहून. गुडघा म्हटलं की आपण सरळ हाडवैद्य गाठतो आणि तिथे प्लास्टर किंवा पट्टा मिळतो. सूज असलेला लहान मुलाचा सांधा जखडून ठेवला की मांडीचा स्नायू चटकन बारीक होतो. दोन्ही मांड्यांचा घेर गुडघ्याच्या वर सारख्याच अंतरावर टेपने मोजून बघा. उजवी मांडी आताच बारीक लागली तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावरून सूज किती जुनी आहे याचा अंदाज येतो. शक्य असेल तर सकाळी उठल्या उठल्या तिच्या चालण्याचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्यात अकरा वाजता नंबर लागेपर्यंत ती नीट चालत असणार.

मुलीला कळवायचं ते एवढंच. पुन्हा कधी गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने, कातडीला अगदी लागून धरून, सरळ वर ओढून काढायची. तेल, व्हॅसलिन, जळती काडी यातलं काही नको. लाइमचा जंतू अंगात यायला गोचीड बहुधा दीड दिवस तरी चिकटून राहावी लागते, म्हणून रोज संध्याकाळी आंघोळीच्या वेळी डोक्यापासून जांघेपर्यंत बघणं हाच मोठा बचाव. गोचीड फुगलेली असेल आणि बराच वेळ चिकटून होती असं वाटलं तर ७२ तासांच्या आत तिथल्या डॉक्टरांना फोन करायचा. ते ठरवतील त्याप्रमाणे डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देता येतो, मुलांनाही. गोचीड लॅबला पाठवायची नाही, मुलाचं रक्तही तपासायचं नाही. महिनाभर चट्ट्यावर लक्ष ठेवायचं आणि चट्टा दिसला तर त्याशेजारी नाणं ठेवून फोटो काढून ठेवायचा.